नायलॉनचे म्हणून दिलेले ब्रश

जळगाव जामोदला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत सुपडाभाऊंचं दाढी-कटिंगचं दुकान होतं. आज तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पण जुन्या लोकांत सुपडाभाऊंचं नाव निघालं, की कोणीतरी म्हणतंच, "तोच नाही का, डुकराच्या ब्रशवाला? लोकाईले फसवलं बाप्पा त्यानं."

सुपडाभाऊंनी कोणालाही फसवलं नाही. फसवलं गेलं ते त्यांना. कोणी फसवलं ते मला नक्की ठाऊक आहे, कारण त्या गल्लीच्या तोंडाशी जे कटलरीचं दुकान आहे ते माझं.

मी हे लिहायला बसलो तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, आता कायले उकरून काढता? आपल्याले इथंच धंदा करा लागते." त्याचं भय खोटं नाही. मलाही हे लिहिताना कोणी मागून वाचतंय का म्हणून दोनदा वळून पाहावंसं वाटलं. माझी सत्तरी केव्हाच उलटली आहे. आता नाही लिहिलं तर राहून जाईल.

आणखी एक सांगतो. समोरासमोर मी त्यांना कधी 'भाऊ' म्हटलं नाही. मी 'सुपडा' म्हणायचो आणि ते मला 'शेठ' म्हणायचे. इथे मात्र मी सुपडाभाऊच लिहिणार आहे.

सुपडाभाऊ भित्रे होते. गावात त्यांच्याइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. सातपुड्याकडून ढगांचा गडगडाट आला, की ते शटर अर्धं खाली ओढून आत बसायचे. दुकानात पोलीस दाढीला आला, तर त्याची दाढी होईस्तोवर ते एक शब्द बोलायचे नाहीत. तो गेला की बाहेर येऊन दोन-तीन लांब श्वास घ्यायचे. आणि सगळ्यात जास्त भय त्यांना स्वतःच्या वस्तऱ्याचं. दर गिऱ्हाइकाला नवं पातं लावायचे आणि ते आधी स्वतःच्या डाव्या हातावर फिरवून पाहायचे. त्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नव्हता.

वस्तरा गालाला लावण्याआधी म्हणायचे, "हालू नका बाप्पा, मले भेव लागते."

गिऱ्हाईक हसायचं. "अरे, मान माही, वस्तरा तुह्या हातात. भेव मले लागाले पायजे का तुले?"

"तुमाले लागत नाही, म्हणून तं मले लागते."

अशा माणसाच्या हातून कधी कोणाला साधा ओरखडा उठल्याचं मी ऐकलं नाही. लांबच्या खेड्यांतून लोक बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडे येत. दुकानात देवाची तसबीर होती, बाकी भिंती कोऱ्या. राजकारण निघालं, की ते म्हणायचे, "गाल फुगवा," आणि बोलणं तिथेच बंद पडायचं. गाल फुगवून भाषण करता येत नाही.

त्यांच्या दुकानाची खरी ओळख होती ती ब्रशची. सुपडाभाऊ जनावराच्या केसांचा ब्रश वापरत नसत. दाढीचे ब्रश तेव्हाही बहुतेक डुकराच्या केसांचे यायचे, आजही येतात. साबण चांगला धरतात, स्वस्त असतात. लोकांना ते माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी फेसाखाली कोण बघतो?

सुपडाभाऊंनी पाहिलं होतं. तरुणपणी, धंदा नवा असताना, त्यांना कोणीतरी सांगितलं की केस विकणाऱ्यांकडून थेट घेतले तर ब्रश घरीच बांधता येतात. ते दूर कुठल्याशा शहराच्या कडेला डुकरं पाळणाऱ्याच्या एका वाड्यावर गेले. हा किस्सा ते फार क्वचित सांगत. मी एकदाच ऐकला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं आणि ते वाटीत साबण घोटत होते.

"चार जण त्याच्या अंगावर बसले होते, शेठ. जितं डुक्कर. एक जण पाठीवरचे केस मुठीनं उपटून राह्यला होता. रगत जास्त नव्हतं. आवाज होता. मले वाटलं कोणी मानूसच वरडते. म्या पयालो तो थेट स्टँडवर. घरी आलो अन् माह्या ब्रशाकडं पाह्यलं. मंग हात लावाची हिंमत नाही झाली."

पुढचे कित्येक महिने त्यांनी तळहातानेच फेस लावला. लोक कुरकुरले, काही तुटलेही. मग माझ्या दुकानात नायलॉनचे ब्रश येऊ लागले आणि सुपडाभाऊ माझे कायमचे गिऱ्हाईक झाले. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, सहा ब्रश. आपल्या दुकानात ते नव्या माणसाला सांगायचे, "इथं तुमच्या तोंडाले कोन्या जनावराचा केस लागनार नाही." त्यात मोठेपणा नसायचा. पाणी उकळलेलं आहे असं सांगावं, तशा सुरात सांगायचे.

या एका गोष्टीत मात्र ते कोणाचं ऐकत नसत. एकदा बदलून आलेले एक साहेब दाढीला आले. त्यांनी खिशातून चामड्याची डबी काढली. आत सुंदर ब्रश. जावयाने परदेशातून आणला होता.

"हा लाव," साहेब म्हणाले. "बॅजरचे केस आहेत. मखमल आहे मखमल."

"ते काय असते साहेब?"

"जनावर असतं एक. बिळात राहतं."

सुपडाभाऊंच्या कपाळावर घाम आला. मी बाकावर पेपर वाचत होतो, मला दिसला. ब्रश त्यांनी दोन्ही हातांनी परत साहेबांच्या मांडीवर ठेवला.

"साहेब, ब्रश तुमचा हाय. तुमी लावा. वस्तरा म्या चालवतो."

"म्हणजे? मी स्वतः लावू?"

"माह्यानं नाही लागनार साहेब. रागावू नका."

आवाज पार बसला होता. पण ते हलले नाहीत. शेवटी साहेबांनी आरशात बघून स्वतःच फेस लावला, आणि सगळं दुकान तोंडावर हात ठेवून हसत होतं. ते साहेब बदली होईपर्यंत दर दोन दिवसांनी येत राहिले, आणि फेस स्वतःच लावून घेत राहिले.

आता ब्रश जाळून पाहण्याबद्दल. माझ्याकडून ब्रश घेताना सुपडाभाऊ प्रत्येक ब्रशातला एक केस उपटायचे आणि काडी ओढून त्याच्या टोकाला लावायचे. नायलॉन असेल तर वितळून कडक गोळी होते. केस असेल तर चुरचुरतो, राख होते आणि वास सुटतो. सहाच्या सहा ब्रश असे पाहून झाले, की ती गोळी माझ्या तळहातावर ठेवून म्हणायचे, "घ्या शेठ. नायलॉनच हाय."

हे माझ्या काउंटरवर चालायचं, इतर गिऱ्हाइकांसमोर. कोणीतरी हमखास विचारायचं, "काय शेठ, तुमच्या मालाची परीक्षा चालू हाय काय?" मी हसून घ्यायचो. दर वर्षी ते हसणं थोडं जड जात होतं.

त्या वर्षी खामगावच्या ठोक दुकानातून नायलॉनचे ब्रश आले नाहीत. माझ्याकडे वरच्या फळीवर एक जुनं खोकं पडून होतं, बारा ब्रशांचं. पांढरट केस, प्लास्टिकची लाल मूठ, दिसायला अगदी तसेच. डुकराच्या केसांचे होते. खोक्यावर तसं छापलेलं होतं. मी ब्रश खोक्यातून काढून सुटे ठेवले.

सुपडाभाऊ आले, तेव्हा दुकानात गर्दी होती. मी सहा ब्रश पुढे केले.

"नायलॉन नं, शेठ?"

"मग काय तं!"

त्यांनी शर्टाच्या खिशातून काडेपेटी काढली. मी म्हणालो, आणि मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "सुपडा, किती वर्षं झाली रे तुले माह्याकडून माल नेता? अजून माह्यावर भरोसा नाही? लोकाईसमोर मले चोर ठरवतं काय?"

सगळे वळून पाहू लागले. सुपडाभाऊंचं तोंड उतरलं. त्यांनी काडेपेटी खिशात टाकली.

"नाही, नाही शेठ. तसं नाही. चुकलो."

चुकलो म्हणाले ते. ब्रश पिशवीत घालून मान खाली घालून गेले. मला वाटलं, बरी खोड मोडली. पडलेला माल खपला याचा आनंद फारसा नव्हता; काडेपेटी खिशात गेली त्याचा होता. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

पुढचे काही महिने काहीच झालं नाही. मी त्यांच्याकडेच दाढीला जायचो. तो ब्रश माझ्याही गालावरून फिरायचा, आणि ते नव्या गिऱ्हाइकाला तेच वाक्य सांगायचे. त्या वेळी मी डोळे मिटून घ्यायचो.

करीमचाचा गल्लीतले शिंपी. पिकलेली दाढी राखलेली. पण गालाची आणि गळ्याची कड ते दर शुक्रवारी दुपारच्या नमाजाआधी सुपडाभाऊंकडून साफ करून घेत. उकळत्या पाण्याने ब्रश झडायला लागला होता. त्या शुक्रवारी एक केस चाचांच्या गालाला चिकटून राहिला. त्यांनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला. शिंप्याला धागा जाळून कापड ओळखायची सवय असते. त्यांनी सहज, काही मनात न ठेवता, काडी ओढली.

मी तिथेच होतो, पुढच्या नंबरावर. वास मलाच सगळ्यांत आधी आला असेल.

"सुपडाभाऊ," चाचा हळू आवाजात म्हणाले, "ये नायलॉन नही है."

सुपडाभाऊंनी ब्रश हिसकावल्यासारखा घेतला, दुसरा केस उपटला, जाळला. तिसरा. दुसऱ्या ब्रशातला. प्रत्येक वेळी तोच चुरचुर आवाज, तीच राख. त्यांचा चेहरा असा झाला, की मी बाकावरून उठलो आणि बाहेर आलो. बाहेर पडताना दिसलं, बाकावरच्या एका तरुणाने मोबाइल वर धरला होता.

चाचा त्या दिवशी घरी जाऊन आंघोळ करून मग मशिदीत गेले. कोणाला काही बोलले नाहीत, हे मला नंतर कळलं. पण संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावभर झाला. सुपडाभाऊ एकामागून एक केस जाळताहेत, आणि खाली लिहिलेलं: 'तुमच्या तोंडावर रोज काय फिरते ते पाहा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गल्ली भरली. टोपी घातलेले होते, गळ्यात माळ असलेले होते, आणि काही त्या दुकानात कधी पाऊलही न टाकलेले होते. एरवी एका ओट्यावर न बसणारी माणसं त्या दिवशी खांद्याला खांदा लावून उभी होती. सुरुवातीला कोणी ओरडत नव्हतं. तेच जास्त वाईट होतं. मी माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो. बायको आत गल्ल्यावर बसली होती, दुपारपर्यंत तीच बसायची. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: आता ते माझं नाव घेणार, आणि ही सगळी डोकी एकदम इकडे वळणार.

सुपडाभाऊ बाहेर आले. हातात साबण घोटायचं मोठं भांडं, त्यात सहाही ब्रश. शटरपाशी उभे राहिले.

"कायचे हाय ते?" कोणीतरी विचारलं.

"डुकराच्या केसाचे."

गलका उठला. "मंग नायलॉन काऊन सांगत होता बे?"

"मले तसंच वाटलं होतं."

"कोनाच्या दुकानातून आनले? दुकान सांग!"

सुपडाभाऊंनी मान वर केली. गर्दीवरून त्यांची नजर फिरत आली ती थेट माझ्यावर थांबली. पापणी न लवता किती वेळ ते पाहत होते, मला सांगता येणार नाही. मला एक पायरी उतरायची होती. एकच पायरी, आणि म्हणायचं होतं, माझ्या दुकानातून. मी उतरलो नाही.

"ब्रश म्या आनले," ते म्हणाले. "जाळून म्या पाह्यले नाही. चूक माही हाय."

"दुकान सांग म्हनलं!"

"दुकान नाही सांगत."

"म्हंजे तुले मालूमच होतं!"

"नाही सांगत, बाप्पा."

गडगडाटाला भिणारा माणूस तो. गर्दीच्या मागून पहिला दगड आला तो आत आरशावर बसला आणि काचा दारापर्यंत उडाल्या. करीमचाचा गर्दीतून वाट काढत पुढे आले, "बस करो, मैंने शिकायत नहीं की," म्हणाले, पण त्यांचं कोणी ऐकलं नाही. बोर्ड खाली आला. कोणीतरी ते भांडं हातातून उडवलं. तेवढ्यात पोलिसांची जीप आली आणि गर्दी पांगली. सुपडाभाऊंच्या कपाळाला काचेचा तुकडा लागला होता. ते खाली बसून विखुरलेले ब्रश गोळा करत होते, एकेक.

मी आत गेलो. उरलेले सहा ब्रश मागच्या खोलीत होते. कोणी झडती घेतली तर? कोणी खोकं पाहिलं तर? मी ते सगळं मागच्या अंगणात नेलं, घासलेट ओतलं आणि पेटवलं. विचारच केला नाही. वास असा उठला, की भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "कोनाचे केस जळून राह्यले वो?" मी पुठ्ठ्याने वारा घालत होतो, धूर आणखीच पसरत होता. पलीकडच्या गल्लीत अजून लोक घोळक्याने उभे होते. बायको मागच्या दारात आली. तिने आगीकडे पाहिलं, लाल मुठी वितळत होत्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमचेच होते?"

मी पुठ्ठ्याने वारा घालत राहिलो. तिने दार आतून लावून घेतलं, कोणी येऊ नये म्हणून. देवाघरी जाईपर्यंत तिने तो विषय पुन्हा काढला नाही. पण त्या दिवसापासून तिने गल्ल्यावर बसणं सोडलं.

सुपडाभाऊंनी दुकान पुन्हा उघडलं. महिनाभर रोज नवे नायलॉनचे ब्रश दारात मांडून, शेजारी काडेपेटी ठेवून बसायचे. करीमचाचा यायचे. आणखी दोघे-तिघे यायचे. मी गेलो नाही. माझी दाढी मी घरीच करू लागलो. एक दिवस शटर उघडलं नाही, आणि कळलं की ते लेकीकडे दुसरबीडला गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच, गेल्या हिवाळ्यात. नात्यातल्या एका लग्नाहून परत येत होतो. बस दुसरबीडला थांबली. चहाला उतरलो, तर रस्त्याच्या कडेला टिनाच्या पत्र्याखाली एक खुर्ची, खांबाला टांगलेला आरसा, आणि वाकलेली ती मान. मी ओळखलं. वाटलं, तसंच बसमध्ये चढावं. पण पाय खुर्चीकडे गेले.

"या शेठ," ते म्हणाले, जसं काही कालच भेटलो होतो. कपाळावर काचेचा बारीक वण होता.

गळ्याला फडकं बांधलं, फेस लावला. वस्तरा गळ्यावर आला तेव्हा मी म्हणालो, "सुपडा, ते ब्रश..."

"बोलू नका. लागंल."

गळ्यावर पातं फिरत होतं आणि मला भय वाटत होतं. मारतील असं वाटलं म्हणून नव्हे. दाढी संपेल आणि मला बोलावं लागेल, म्हणून. दाढी संपली. तोंड पुसून झालं. मी उभा राहिलो आणि एका दमात सांगितलं, "मले मालूम होतं. डुकराचेच होते. म्या तुले खोटं सांगितलं."

ते वस्तऱ्यातलं पातं काढत होते. "मले ठाऊक हाय. म्या काय दुसऱ्या दुकानातून घेत होतो काय?"

"मंग त्या दिवशी नाव काऊन नाही घेतलं?"

"लोकं दगड घेऊन उभे होते शेठ. वहिनी आत बसल्या होत्या."

पातं कागदात गुंडाळून ते म्हणाले, "आता दगड घेऊन कोनी उभं नाही. मले काऊन सांगता? मले तं माहीतच हाय. तिकडं सांगा." आणि वस्तरा धरलेला हात उत्तरेकडे केला, जळगावकडे. "इथं भी लोक इचारतात, तोच का तू म्हणून. पोरीले ऐका लागते."

कंडक्टरने बेल मारली. मी बसमध्ये चढलो आणि खिडकीशी बसलो. खुर्चीवर नवा माणूस बसला होता. सुपडाभाऊंनी पातं हातावर फिरवून पाहिलं, वस्तरा त्याच्या गालाला लावला. तेवढ्यात त्या माणसाचा मोबाइल वाजला आणि त्याने तो खिशातून काढून तोंडासमोर धरला. सुपडाभाऊ झटकन मागे सरले. वस्तरा हवेत धरून, खांबाला पाठ लावून ते उभे राहिले आणि त्या मोबाइलकडे पाहत राहिले. बस वळेपर्यंत मला दिसत होतं. त्या माणसाने फोन अजून खाली ठेवला नव्हता.